निळे हात

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण तो इथल्या हवेचा. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवशी.

काल इस्पितळाच्या धुलाईघरात माझ्याकडून घोटाळा झाला. पांढऱ्या चादरींत एक नवाकोरा निळा गणवेश गेला आणि चाळीस चादरी निळ्या होऊन निघाल्या. मुकादम तोंडाला येईल ते बोलला. मला मात्र हसू आवरेना.

माझं नववीचं वर्ष आठवतं? फुटबॉलच्या संघात मला कुणी घेईना, म्हणून अकरा बनियन निळे रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. तू आधी ओरडलीस, मग पदर खोचून स्वतःच पिळायला बसलीस. रंगात मीठ घालायचं दोघंही विसरलो. सामन्यात घामाने रंग सुटला. आमची पोरं निळी, पंच निळा, समोरचा गोलकीपरसुद्धा निळा! हरलो ते हरलोच. पण अख्खी शाळा घसा बसेपर्यंत ओरडत होती, आणि त्यात मीही होतो.

धाकटीने लिहिलंय, दहावी आहे म्हणून तू तिला शाळेच्या बँडमधून काढतेयस. राहू दे ना तिला, आई. अभ्यास करेल ती, माझ्यासारखी नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

तेव्हा तू म्हणाली होतीस, "मला कुठली सवड सामन्याला यायला!" पण मैदानाच्या भिंतीपलीकडून वर आलेले, टाळ्या वाजवणारे दोन हात मी पाहिले होते. कोपरापर्यंत निळे.

तुझाच,
थोरला