धाकट्याकडचे स्पीकर

३ ऑक्टोबर, रविवार

जेवायला धाकट्याकडे. जेवण चांगलं होतं. मग त्याने स्पीकर लावले आणि खाल्लेलं माझ्या अंगी लागलं नाही.

पुस्तकांच्या कपाटात बसतील अशा दोन लाकडी पेट्या. वय जवळजवळ माझ्याएवढं. पण बाई गायला लागली की दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे, खाली ठेवलेल्या पाण्याच्या माठाच्या वर, उभी राहते. श्वास घेते तो कळतो. मागे व्हायोलिनं. आणि खालचा खर्ज असा, की खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या तळव्याला लागतो. बाबांकडे असेच वाजायचे. अगदी असेच.

दोन गाणी झाली आणि धाकट्याने घड्याळ बघून काय लावावं? बातम्या! बाबांच्या स्पीकरवर बातम्या. गाढवाला गुळाची चव काय. आणि भावजय म्हणते, "आमच्या स्पीकरचा आवाज फार होतोय का हो, ताई?" आमच्या म्हणे.

जळले. लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय.

४ ऑक्टोबर, सोमवार

आज कवळ्यांच्या कामात लक्ष नव्हतं. डॉक्टरांकडून आलेला साचा उलटा धरून बसले होते पाच मिनिटं. एकतीस वर्षं दात बनवतेय मी. वरचा दात खालच्यावर कागदाच्या जाडीएवढा जास्त टेकला तरी माझ्या बोटाला कळतं. पण मनात सगळं कालचंच.

नऊ वर्षांपूर्वी बाबांचं घर रिकामं केलं तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, स्पीकर तू घे." मी म्हटलं, नको, तुझी खोली मोठी आहे. पुन्हा म्हणाला, "घे ना." मी म्हटलं, मला कशाला, ठेव तूच. तिसऱ्यांदा म्हणाला असता तर घेतले असते. माणूस तिसऱ्यांदा म्हणतो! साधा चहा तिसऱ्यांदा विचारतात. या मठ्ठाने उचलले आणि गाडीत ठेवले.

ते स्पीकर माझे होते. म्हणजे कागदोपत्री नव्हे, पण होते. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या पडद्यांच्या फोमच्या कडा झडल्या, तेव्हा बाबांनी नव्या चिकटवल्या. बॅटरी कोणी धरली दोन तास? मी. धाकटा झोपला होता. "डावीकडे डिंक जास्त झालाय," असं मी बाबांना सांगितलं आणि खरोखरच जास्त झाला होता. तेव्हापासून मी त्यांची सुपरवायझर. पेटी बंद करायच्या आधी त्यांनी आत लाकडावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, "आतलं आत राहू दे."

घर रिकामं झाल्यावर तीन महिन्यांनी आमच्या रेडिओवाल्या काकांचा फोन आला. बाबांपासूनचे दुरुस्तीवाले ते. तीच कंपनी, तेच मॉडेल, दुकानात एक जोडी आलीय, तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. धावत जाऊन घेतली. त्याच सुमाराला धाकट्याने काकांकडूनच बाबांच्या पेट्यांवरचं जुनं लाकूड सोलून नवं बसवून घेतलं, असं भावजयीने सांगितलं. मी आठ दिवस बोलले नाही त्याच्याशी. माझ्या पेट्यांवरही नवंच लाकूड. म्हणजे आता दिसायला दोन्ही जोड्या जुळी भावंडं.

दिसायला. वाजायला नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

स्पीकरखालचे स्टँड बदलले. काही फरक नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

माझ्याकडे बाई गाते ती कुठून गाते तेच समजत नाही. भिंतीतून, छतातून, माझ्या स्वतःच्या डोक्यातून. मधे तर नाहीच. खर्ज असा, जसं पाणी घातलेलं दूध. नऊ वर्षांत अॅम्प्लिफायर बदलला, कपाट बदललं, पडदे जाड केले, सोफा फिरवला. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "मला तर छान ऐकू येतं." येणारच. उजव्या पेटीला कान टेकवून पेपर वाचतात. असल्या कानाचं मत कोण घेतं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

जोडी घेऊन काकांच्या दुकानात. त्यांच्या टेबलावर लावली आणि बाई मधे उभी राहून गायला लागली, निर्लज्जासारखी. काका म्हणाले, "बाई, पेट्यांत काही दोष नाही. तुमच्या खोलीतच काहीतरी आहे." खोलीत मी आहे आणि हे आहेत.

मी म्हटलं, निदान उघडून तरी बघते एकदा. "अजिबात नको," म्हणाले, "स्क्रू जुने, लाकूड फाटेल." त्यांचं एक गिऱ्हाईक उन्हाळ्यात स्पीकरला ओला टॉवेल घालतं, दुसऱ्याने पडदे साबणाने धुतले, असल्या गोष्टी सांगत बसले. मला हसू आलं नाही. सरळ म्हटलं, धाकट्याकडचे काय वाजतात, तुम्ही ऐकलेत का? काका सोल्डरिंग करत होते. वर बघितलंच नाही त्यांनी.

बरोबर आहे. बाबांचा हात लागला होता त्यांना. माझ्या पेट्यांना कोणाचा लागलाय देव जाणे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

धाकटा येऊन घराची किल्ली देऊन गेला. उद्यापासून दहा दिवस सगळे भावजयीच्या माहेरी. "ताई, झाडांना दिवसाआड पाणी घालशील?"

घालीन म्हटलं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही. असलं काही मी करणार नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

केलं.

सकाळी अकराला, राजरोस. माझी जोडी चादरीत गुंडाळून गाडीतून नेली, त्याच्या कपाटात ठेवली, बाबांची उचलून आणली. जिन्यात शेजारीण भेटली. "काय नेताय?" म्हटलं, दुरुस्तीला. जीभ जराही अडखळली नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, धाकट्याला जन्मात कळायचं नाही. बातम्या तर बातम्या, माझ्या पेट्यांवर ऐकेल.

हे म्हणाले, "पुन्हा काकांकडे नेले होतेस का?" हो म्हटलं. आजचं दुसरं खोटं.

अजून लावले नाहीत. बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, वस्तू ज्याला कळते त्याची.

१८ ऑक्टोबर, सोमवार

लावले.

भिंतीतून. छतातून. पाणी घातलेलं दूध.

२० ऑक्टोबर, बुधवार

झाडांना पाणी घालायला गेले आणि न राहवून त्याच्याकडे माझी जोडी लावली. बाई मधे उभी. खर्ज तळव्याला. माझ्याच पेट्या! नऊ वर्षं मी ज्यांना दूषणं दिली त्या, परक्याच्या घरी गोड वागणाऱ्या पोरीसारख्या. पाण्याच्या माठाशेजारी जमिनीवर बसले आणि तीन गाणी ऐकली.

म्हणजे बाबांचा हात नाही, काही नाही. दोष माझ्या घरात आहे. काका म्हणाले तसं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं. लिहायची लाज वाटते.

नऊ वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा स्पीकरची वायर सतरंजीखालून नेली होती मी. डाव्या बाजूला कमी पडली, म्हणून जोड दिला आणि वर काळी टेप. आज सतरंजी उचलून टेप सोलली. वायरीत दोन तारा, एक तांबडी, एक पांढरी. मी तांबडीला पांढरी जोडली होती. म्हणजे एका पेटीचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरीचा आत जातो. दोघी एकमेकींचं बोलणं खोडत बसल्या होत्या. मधे उभं राहणार कोण? आणि एकाच पेटीला कान लावला तर सगळं छान, म्हणजे ह्यांचं खरं होतं. हे त्यांना कधीही सांगणार नाही.

सगळं बदललं, फक्त आपण केलेला जोड तपासला नाही. आपल्या हाताला कसली तपासणी! मोठी सुपरवायझर.

तारा फिरवल्या. आणि ती आली. आमच्या दारं-खिडक्या नसलेल्या त्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहिली आणि गायली. ह्यांनी पेपर खाली घेतला.

रविवारच्या आत जोडी परत नेऊन ठेवायची. माझी आता माझ्याकडेही वाजेल. पण वाजेल म्हणून बाबांची द्यावीशी वाटतेय का? नाही वाटत. खोटं कशाला लिहू.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

परत द्यायचीच आहे तर बाबांनी आत काय लिहिलंय ते तरी बघू, म्हणून उघडली. कामावरचे बारीक स्क्रूड्रायव्हर आणले होते. लाकूड वगैरे काही फाटलं नाही. पडदा काढला, आतला कापूस काढला, बॅटरी मारली.

कोरं. दुसरी उघडली. तीही कोरी. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही.

ह्या बाबांच्या पेट्या नाहीत.

विकल्या त्याने! बाबांच्या विकल्या आणि तसल्याच दिसणाऱ्या आणून ठेवल्या. नऊ वर्षं मी "बाबांचे नीट ठेव रे" म्हणतेय आणि हा मान खाली घालून "हो ताई" म्हणतोय. आता कळलं मान खाली का. येऊ दे रविवारी. भावजयीच्या देखत विचारते.

२३ ऑक्टोबर, शनिवार

रविवारपर्यंत धीर धरवला नाही. सकाळी काकांच्या दुकानात. शटर अर्धंच वर होतं, खालून वाकून आत गेले. म्हटलं, धाकट्याने बाबांची जोडी कोणाला विकली? तुमच्याकडूनच विकली असणार.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, ती जोडी तुमच्या घरी आहे. नऊ वर्षं."

म्हटलं, माझ्या घरी? कशी?

"तुमचे भाऊच घेऊन आले होते ती. म्हणाले, ताईला हवेत पण माझ्या हातून घेणार नाही ती. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. तुम्ही विकल्यासारखे करून द्या. ओळखू येऊ नयेत म्हणून वरचं लाकूड बदलायला लावलं मला. स्वतःसाठी मग तसलीच दुसरी जोडी शोधली, तिलाही तसंच लाकूड. तुम्ही उघडू नये म्हणून मी स्क्रूचं घाबरवत होतो. आत वडिलांचं लिहिलेलं आहे ना."

काय लिहिलंय, विचारलं.

"तारीख. खाली, नवीन कडा बसवल्या. त्याच्या खाली, बॅटरी आणि देखरेख, सुपरवायझर."

त्यांच्या स्टुलावर बसले. त्यांनी पंखा लावला.

नऊ वर्षं माझ्या घरात होते. मी त्यांना परक्याचे म्हटलं, वाकडी वायर जोडून त्यांचा गळा दाबला, आणि परवा स्वतःच्या हाताने चादरीत गुंडाळून त्याच्या घरी ठेवून आले. चोरून!

तशीच किल्ली घेऊन त्याच्याकडे गेले, कोणाला कळायच्या आत बदलून आणू म्हणून. खाली त्याची गाडी उभी. एक दिवस आधीच आले. खिडकी उघडी होती, वरून बातम्या ऐकू येत होत्या. वर जायचं धाडस झालं नाही. घरी येऊन कणीक मळली, दुप्पट मळली. हे म्हणाले, पाहुणे येणार आहेत का?

चला, एक बरं आहे. त्याला कळायचं नाही. कान कुठे आहे त्याला.

२४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला धाकट्याचा फोन. "ताई, बाबांचे स्पीकर परत का आणून ठेवलेस? काल बातम्या लावल्या आणि पहिल्या वाक्यालाच कळलं. तू गाण्याच्या क्लासला गेलीस की बाबा मला जवळ घेऊन बातम्या ऐकायचे ना. रागावलीस का? माझं काही चुकलं का?" पहिल्या वाक्याला. मला नऊ वर्षांत कळलं नाही. मग म्हणाला, "घेऊन जा ना, ताई."

एकदाच म्हणाला. मी लगेच हो म्हटलं.