मुलीचे म्हणणे विचारात घेऊन

३ मार्च, मंगळवार

आईपासून मूल काढून घेणं बरोबर कधी? सकाळपासून डोक्यात हेच. उत्तर येत नाही मला. पदवीच्या परीक्षेत यावर चार पानं भरून आले होते!

आज ठकीला भेटले. वय सात, घरचं लाडाचं नाव ठकी. आई इस्पितळाच्या धुलाईघरात, पहाटेच्या पाळीला. जाताना खोलीला बाहेरून कुलूप. शेजाऱ्यांची तक्रार, म्हणून प्रकरण आमच्या बालकल्याण कार्यालयात. मुलांचं म्हणणं नोंदवून घ्यायचं काम माझ्याकडे.

ठकी खुर्चीवर पाय हलवत तासभर बोलली. "आई कुलूप लावते. मला भीती वाटते." मग — "आईला सांगा ना, मला पण धुलाईघरात ने म्हणावं. गठ्ठ्यावर बसेन. हूं का चूं करणार नाही. पण मला दुसरीकडे नका पाठवू." सगळं शब्दन् शब्द वहीत उतरवलं.

अहवालाच्या छापील अर्जात 'मुलीचे म्हणणे' याला दोन ओळींची जागा. पहिली दोन वाक्यं मावली. बाकीचं बैठकीत तोंडी सांगेन.

६ मार्च, शुक्रवार

बालकल्याण समितीची बैठक. ठकीचं प्रकरण चहा येईपर्यंत आटोपलं. अध्यक्षांनी माझ्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या — कुलूप, भीती. मी हात वर केला. शेजारी आमच्या मोठ्या बाई, माझ्या वरिष्ठ. कुजबुजल्या, "हात खाली घे. अर्जात आलंय ना सगळं?"

घेतला खाली.

निर्णय: "मुलीचे म्हणणे विचारात घेऊन" सहा महिने दुसऱ्या कुटुंबाकडे. आईला महिन्यातून एक भेट.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात दोन्ही आहे — मुलाला आईबापांपासून विनाकारण तोडू नका, आणि मुलाचं ऐका. दाराजवळच्या भिंतीवर त्याचा तक्ता आहे. मीच लावलाय, रुजू झाले त्याच आठवड्यात.

७ मार्च, शनिवार

हात खाली घ्यायला नको होता.

११ मार्च, बुधवार

ठकीची आई आली. बोटांची सालं निघालेली, नखं पांढरी. निर्णयाचा कागद घडी घालून घालून फाटायला आलेला.

"ताई, तिच्याशी तुम्हीच बोललात ना? यात लिहिलंय, तिचं म्हणणं ऐकून ठरवलं. आई नको म्हणाली का ती?"

मुलाचं म्हणणं पालकांना सांगायचं नाही, हा नियम. नाहीतर मुलावर घरी राग निघतो. नियम चांगल्यासाठीच आहे. "मला सांगता येत नाही," म्हटलं.

"म्हणजे म्हणाली," ती म्हणाली. आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

घरी आल्यावर आईला विचारलं, मी लहान असताना तू कामाला जायचीस, तेव्हा मी कुठे असायचे?

"कुठे म्हणजे? घरात. बाहेरून कडी लावून जायचे. भोकाड पसरायचीस, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं." मग हसून, "तेव्हा तुझ्यासारखी कुणी शिकलेली बाई आली नाही, नशीब!"

बाबाही हसले. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

१८ मार्च, बुधवार

ठकीला नव्या घरी भेटले. माणसं चांगली. तिला वेगळी खोली, दार सताड उघडं. मी वही काढली तशी तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही लिहिलं पण होतं."



२३ मार्च, सोमवार

ठकीच्या आईनं सही केली — मुलीचा ताबा कायमचा सोडल्याची!

मोठ्या बाईंनीच कागद दाखवला. "बघ, स्वतःहून. आपली कटकट मिटली." कारणाच्या जागी वेडंवाकडं अक्षर: "मुलीलाच मी नको, तर अडवून काय करू."

न्यायालयात जाऊन सही मागे घ्यायला पंधरा दिवस मिळतात. नंतर नाही.

मी म्हटलं, वहीतलं राहिलेलं अहवालाला जोडू या. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि एवढे दिवस का जोडलं नाही, ते कोण लिहिणार? तू? अगं, अजून नोकरीत कायम नाहीस. आणि कोंडत होतीच ना ती पोरीला?"

होती. पोर घाबरत होती, हेही खोटं नाही. म्हणून तर इतके दिवस गप्प बसता आलं मला.

२५ मार्च, बुधवार

पाळी सुटल्यावर ठकीच्या आईला धुलाईघराच्या मागच्या दाराशी गाठलं. मुलीचं सगळं म्हणणं वाचून दाखवलं — भीतीसकट. तिथून दोघी न्यायालयात गेलो. तिनं सही मागे घेतली. मी शपथेवर लिहून दिलं: अहवाल अर्धा आहे, आणि तो अर्धा मी ठेवला. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.