काडेपेटीएवढा डबा

६ जाने.
प्रणाली गिरडहून आली. माझ्या भावाची मुलगी, तिथल्या उपकेंद्रात नर्स. पर्समधून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांची नोटीस काढून पुढ्यात ठेवली. लसींच्या फ्रिजवर एक डबा बसवलाय. फ्रिज गरम झाला की त्याने घंटा वाजवायची. वाजली नाही, लसी उबल्या, फेकाव्या लागल्या. नोटिशीत म्हणे, डबा सिस्टरनेच बंद केला. खुलासा द्या, नाहीतर कारवाई.
"आत्या, मी हात नाई लावला त्याले. दुपार झाली का आपोआपच बंद-चालू होऊन राह्यला तो."
डबा कोणी बनवला, विचारलं. जाम गावच्या चौरस्त्यावर कारखाना आहे त्या ढोबळेने.
म्हणजे माझ्याच ढोबळेने. चहा गार झाला, घेतला नाही.

७ जाने.
झोप नाही. जुनं सगळं वर येतं आहे.
पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, ढो. माझा ज्युनियर, माझ्याच वह्यांवरून शिकवणारा. बक रेग्युलेटर हा माझा धडा. जास्त व्होल्टचे कमी करून देणारं साधंसं सर्किट. एकदा भर वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडमचं बक नाई, बकबक आहे." पोरं हसली. तेव्हापासून मी बकबक मॅडम. निरोपाच्या केकवरसुद्धा क्रीमने तेच लिहिलेलं. मी हसून कापला. सुरी मनात ठेवून दिली आहे, अजून धार गेलेली नाही.

९ जाने.
सकाळच्या एसटीने गिरड. टेकडीवर दर्ग्याकडे जाणाऱ्यांची गर्दी, त्यात माझी मीटरची पिशवी.
डबा उघडला. काडेपेटीएवढा. आतली कॉइल, वीज घडीभर साठवणारं तारेचं वेटोळं, तुरीच्या दाण्याएवढी. ढो.ला पहिल्यापासून लहान आणि चकचकीत वस्तूंचं वेड.
सकाळी सगळं ठीक. ऊन चढलं तसा मीटरवरचा आकडा थरथरायला लागला. मग डबा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला. प्र. शेजारी उभी. म्हणाली, "बघा, म्या कुठं हात लावला?"
तिच्यासाठी आनंद झाला. खरं सांगायचं तर माझ्यासाठी जास्त.

१० जाने.
खुलाशात घालायचं ते इथे आधी लिहून बघते. डॉक्टरसाहेबांना कळलं पाहिजे.
डब्यातल्या बकमधला स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. उघडझाप जितकी जलद तितकी कॉइल लहान चालते, म्हणून ढो.ने ती वीस लाखांवर नेली. पण प्रत्येक वेळी स्विच किती क्षण चालू ठेवायचा (ऑन-टाइम), ते वरून किती व्होल्ट येतात त्यावर ठरतं. जास्त आले तर कमी वेळ. सकाळी छतावरच्या सोलर पॅनेलकडून चौदा व्होल्ट येतात, तेव्हा जमतं. दुपारी वीस येतात. थंडीत पॅनेल व्होल्ट जास्तच देतं. मग चालू ठेवायचा क्षण इतका लहान होतो की चिपला तेवढ्या घाईने बंदच करता येत नाही. ती मधल्या पाळ्या गाळत सुटते, व्होल्ट हेलकावतात, डबा बेशुद्ध पडतो.
सिस्टरचा संबंध शून्य.
लिहून झाल्यावर वाचलं. सगळं खरं आहे, पण फार सभ्य झालं आहे.

११ जाने.
ढो.ला फोन.
"मॅडम! किती दिवसांनी आठवण केली. डब्यात काई प्रॉब्लेम नाई हो. सिस्टरनंच बटण दाबलं असन."
"ऑन-टाइम किती येतो दुपारी?"
मागे कागद चाळल्याचा आवाज.
"चिपच्या कागदात वीस लाख चालते म्हणून लिवलं होतं, मॅडम."
"ते पहिल्या पानावर. कमीत कमी ऑन-टाइम आतल्या पानावर असतो. आत कधी गेलास?"
"तुमी अजून रागावून आहे का?"
मी फोन ठेवला. असल्या प्रश्नाला उत्तर फोनवर देत नसतात.

१३ जाने.
आला. दारात चपला काढून, हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा. केस रंगवले आहेत, कानामागचे राहिले.
"मॅडम, मले सांगा ना काय करू. सोळा तारखेले मोठे साहेब येऊन राह्यले गिरडले. साऱ्या तालुक्यात लावाचे आहे डबे."
"उघडझापीचा वेग पाव कर."
"बस? म्हंजे एक रेझिस्टर बदलला का झालं?"
"रेझिस्टर बदलला की वेग बदलतो."
यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. वेग पाव केला की कॉइल चौपट लागते, आणि चौपट कॉइल त्या काडेपेटीत मावत नाही, हे त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. ज्याला मी हा धडा तोंडपाठ करून दिला होता, त्याला परत सांगायचं म्हणजे बकबकच.
शाळेतल्या नन म्हणायच्या, गप्प राहणं हेही खोटं बोलणं असतं. त्यांची ढोबळेशी गाठ पडली नव्हती.
गोरसपाक चांगला होता. दोन खाल्ले.

१४ जाने.
संक्रांत. ढो.चा मेसेज: गोड बोला. तसा करार मी केलेला नाही.
संध्याकाळी प्र.चा फोन. आवाजात उसळी. "आत्या, ढोबळे सरनं डब्यातला एक बारीक पार्ट बदलला. दुपारभर बंद नाई पडला. आता मी सुटली ना?"
विचारलं, "काय म्हणाला तुला?"
"म्हणे, सिस्टर, डबा पहिलेपासून चांगलाच होता. आता बटणाले हात नका लावू."
म्हणजे नोटीस तिच्याच गळ्यात.
आणि डबा चांगला नाही. नुसता बसून आहे तोवर चालेल, तेव्हा त्याला वीज लागतेच किती. पण खरी घंटा वाजवायची वेळ आली की एकदम भार पडेल, ती तुरीच्या दाण्याएवढी कॉइल हात टेकेल, आणि डबा नेमका तेव्हा मरेल. आधी निदान थरथरून सांगत तरी होता.
तो असंच करणार, हे मला कालच ठाऊक होतं. त्यासाठीच तर

प्र.ला म्हटलं, फ्रिजमधलं थर्मामीटर स्वतः बघत राहा, रात्रीसुद्धा.
"काऊन? डबा आहे ना आता."
बघ म्हटलं ना.

१५ जाने.
जुन्या पेटीतून कॉइल शोधली. चिंचोक्याहून मोठी, तांब्याची, कधीकाळी वर्गात पोरांच्या हातात फिरवायचे ती. मोजली. अगदी हवी तेवढी.
खुलासा पुन्हा लिहिला, या वेळी सभ्यपणा काढून. प्र.ला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "आत्या, यात माह्यापेक्षा ढोबळे सरच जास्त आहे."
तिचं नाव दोनदा वाढवलं.

१६ जाने.
एसटीच्या स्टँडवर लिहिते आहे.
ठरवलं ते असं. साहेब, डॉक्टर, ढो., सगळे फ्रिजसमोर उभे असताना मी म्हणणार, दार उघडं ठेवा आणि घंटा ऐकवा. घंटा वाजणार नाही. मग सगळे ढो.कडे बघतील, आणि तो सवयीने प्र.कडे बघेल. तेवढाच क्षण हवा आहे मला. तिच्याकडे बघायच्या आधी त्याने माझ्याकडे बघून "मॅडम, काय राह्यलं?" एवढं विचारलं, तर पर्स उघडून कॉइल त्याच्या हातावर ठेवेन. नाही विचारलं तर खुलासा मोठ्याने वाचेन, सगळा, केकसकट.
प्र.चा फोन आत्ताच. "आत्या, रात्री चारदा उठली मी. फ्रिज थंड आहे. तुमी येऊन राह्यले ना? मले भेव वाटते."
येते म्हटलं.
बस लागली. कॉइल रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी आहे. पर्सची चेन अडकते हल्ली, पटकन उघडत नाही.