तुया जागेतून जाणारी नाली

बोडीटोला, ता. मोहाडी, जि. भंडारा
७ ऑगस्ट २०१६

फोन उचलून "आजी, मीटिंगमध्ये आहो, मंग बोलतो" म्हणतोस अन् कापून टाकतोस, हे तुले कोणत्या शाळेत शिकवलं? मंग म्हणजे कधी? मागच्या पोळ्यापासून मी त्या मंगची वाट पाहून राहिली. म्हणून पत्र. पत्र कापता येत नाही. फाडता येते, पण तेवढी तुई हिंमत नाही.

चि. धम्मदीपले आजीचा जयभीम. नातसून खुशबूले आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे, त्याची चौकशी करू नको. दुसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको.

आपल्या गल्लीतलं पाणी तुले आठवत असन. बोअरिंगचं, भांड्याचं, पावसाचं, सगळं येऊन आपल्या दारात बसते, जसं त्याले मीच जेवाले बोलावलं. औंदा त्याच्यात डास इतके झाले का कुंताबाईची सून तापानं भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून आली. कुंताबाई म्हणजे वरच्या आळीतली, आपली आळी सुरू होते तिथी जिचं घर संपते ती. तुया बापाच्या लग्नापासून मी तिच्याशी बोलत नव्हती. कारण तिचं पाणी अन् आपलं दार. ती म्हणे, पाणी देवाचं. मी म्हटलं, मंग देवाले सांग वापस न्यायले.

सरकारी सायबानं नाली बांधून देली. सिमेंटची, सुरेख. पहिल्याच पावसात पाणी त्या नालीतून उलटं चालत आलं.

सायेब म्हणे, "नकाशात उतार तिकडेच आहे."

आपला तुलाराम, पंचायतीचा मेंबर, तो म्हणे, "साहेब, मंग पाण्याले एकदा नकाशा दाखवा ना!"

सायेब गेला. मंग तुलारामनं दोन्ही आळीच्या बायांना लिंबाखाली बसवलं. म्हणे, "भांडून पाणी हाललं असतं तर आतापर्यंत वैनगंगेत पोचलं असतं. आधी ते जाते कुठी, तेवढं पाहू." कुंताबाईनं अक्कल काढली, पाण्यात नीळ टाका. बादलीभर नीळ कालवून वरून ओतली अन् आम्ही सगळ्या पदर खोचून तिच्यामागं. पाणी आपल्या दाराच्या आधी तिच्याच आंगणात अडलं, अन् तिच्या पांढऱ्या कोंबड्या त्याच्यात मनसोक्त नाहल्या. मी म्हटलं, "कुंताबाई, कोंबड्या तर आमच्यात आल्या. तू कधी येतं?" ती हसली. इतक्या वर्षांत मले आत्ता समजलं का तिच्या तोंडात पुढचा दातच नाही.

निळीनं सांगितलं ते ऐक. दर दिवाळीले जो तो आपल्या आंगणात मुरूम टाकते, शेजाऱ्यापेक्षा चार बोटं वर. आपापलं वर करता करता सगळ्यांनी मिळून गल्लीची परात केली. सायबाचा नकाशा खोटा नव्हता, आम्हीच गाव बदलवून टाकलं होतं.

आंगणं खरवडा म्हटलं तर कोणाचा हात उचलेना. मंग ठरलं, आपलं कोणीच खरवडायचं नाही, शेजारणीचं खरवडायचं. बाप्पा! काय जोर आला बायांच्या अंगात. कुंताबाई माया आंगणात अशी भिडली का पायरीचा पाया दिसाले लागला. मीही तिची तुळस हालवून आली.

पाणी थोडं सरकलं, पण भांड्याचं राहिलंच. म्हणून घरोघरी शोषखड्डा केला. गिट्टी, वाळू, सगळं सांगितल्यासारखं. पंधरवड्यात सगळे तुंबले. दिवसभर एकमेकींच्या खड्ड्यांना नावं ठेवल्यावर समजलं का भांडी आपण राखेनं घासतो अन् राख जाऊन खाली लिंपण करते. मंग खड्ड्याच्या तोंडावर भोकाचं गाडगं, त्याच्यात धानाची तणीस. राख तणसात अडकली, पण तणीस सडून वास मारे. मंग तणीस बदलवायची पाळी लावली. पाळी चुकवणारीच्या घरी सगळ्यांनी चहा प्यायचा, ही शिक्षा.

गुडघ्यानं माई पाळी चुकली. सगळ्या आल्या. कुंताबाई पण आली. तिच्या सासूनं आपल्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं, तुले माहीत आहे. कुंताबाईनं चहा बशीत ओतला, फुर्र करून पेला अन् म्हणे, "साखर कमी आहे." मी म्हटलं, "पुढच्या खेपेले तू पाळी चुकव, तुई साखर पाहतो आम्ही." तिनं दुसऱ्याच आठवड्यात चुकवली. गुडघे तर तिचे चांगले आहेत.

आता जे लिहाचं होतं ते लिहिते.

मागच्या हप्त्यात झड लागली. खड्डे भरले. पावसाचं पाणी पुन्हा दारात. आम्ही पुन्हा नीळ टाकली. नीळ आपल्या घराच्या बाजूनं निघाली अन् घरामागच्या मोकळ्या सांदवाडीत जाऊन थांबली. तुया जागेत. त्याच्यापुढं बोडीच्या तळ्यापर्यंत सरळ उतार आहे, फक्त तुई जागा मधात आहे. सगळ्या लिंबाकडं पाहाले लागल्या, जसा लिंब आत्ताच उगवला. मंग कुंताबाईच म्हणाली, "ते जागा नातवाच्या घराची आहे. तिथी कोणी कुदळ लावाची नाही."

तुया आज्यानं ते तुया नावानं केली. तू दरसाल म्हणतोस, पुढच्या दिवाळीले पाया टाकतो. मी तिथी शेण थापू देत नाही, बकरी येऊ देत नाही. धोपा, म्हणजे तुमच्याकडचा अळू, लावला असता तर आतापर्यंत गावाले वड्या पुरल्या असत्या. पण जागा मोकळी पाहिजे म्हणून लावला नाही. तुई आजी मूर्ख नाही, तू पुण्यात फ्लॅट घेतला म्हणजे काय, ते तिले समजते. तरी झाडत राहिली.

बांधणार असशील तर बांध. नाली आम्ही कडेनं वळवू. इतक्यांदा चुकलो, आणखी एकदा चुकलो तर काही बिघडत नाही. नसशील बांधणार तर नाही म्हण, मी रडणार नाही, धोपा लावीन. पण "पाहू आजी" म्हणू नको. पाहूले उतार नसते बाबू, त्याच्यात पाणी तुंबते अन् डास होतात.

सगळी गल्ली कुदळ घेऊन थांबली आहे. कुंताबाई रोज विचारते, काय म्हणते नातू? मी म्हणते, मीटिंगमध्ये आहे.

उत्तर तूच लिहाचं. खुशबूनं नाही, तुया बापानं नाही, फोनवर तर नाहीच. तुया हातानं, हो का नाही.

तुई आजी,
पार्वताबाई