शिंपीकाका सुटले

प्रिय आईस,
येशूच्या नावाने प्रेमाचा सलाम.

आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. आमचे शिंपीकाका सुटले! घरात प्रार्थना भरवली म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं होतं आणि तुम्ही सगळे सात महिने ज्यांच्यासाठी गुडघे टेकत होतात, तेच हे काका.

आज दुपारी आम्ही माझ्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत प्रार्थनेला बसलो होतो. दार वाजलं आणि आम्ही पटकन बायबल कपड्यांच्या गठ्ठ्याखाली लपवलं. उघडलं तर काका! निम्मे झालेत गं, उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. काकू रडायचंही विसरल्या. म्हणाल्या, "आधी जेवा."

काका म्हणाले, "आधी प्रार्थना. ज्या शिपायानं मला मारलं, त्याच्यासाठी."

काकूंनीच सुरुवात केली. आई, मी रडत होते आणि आनंद मनात मावत नव्हता!

काळजी करू नकोस. आम्ही हल्ली हळूच गातो आणि दर वेळी जागा बदलतो. बाबांचा खोकला थांबला का? हे पत्र मंडळीत वाचून दाखव, फक्त पत्ता वाचू नकोस. त्या शिपायाचं नाव आम्हाला ठाऊक नाही, तरी आता त्याच्यासाठी प्रार्थना करा.

तुझीच,
धाकटी