नववा नंबर

अलिबाग,
दि. ९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेहून आम्ही तिघं सुखरूप पोचलो. दिघीची फेरीबोट वेळेवर मिळाली. काशीदला आश्लेषानं गाडी थांबवून नारळपाणी घ्यायला लावलं, तेही तुझ्या वाडीतले दहा नारळ डिकीत असताना. पोचल्याचा फोन करायचा तर तुला धड ऐकू येत नाही. जेवलीस का विचारलं की तू म्हणतेस, हो, विजेचं बिल भरलं. मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून आपलं पत्रच बरं.

आता रागावू नकोस. दिनानाथराव भाऊजींना जाऊन सव्वा वर्ष झालं. भाऊबिजेला तू सगळ्यांना आग्रह करून वाढलंस आणि स्वतः दोन घास चिवडलेस. हे मी नाही, आश्लेषानं, तुझ्या भाचीनं पाहिलं, कबूल करतो. म्हणून तिनं तुझ्या फोनवर ते मनाचं ॲप घातलं. फोननं कधी मन सुधारतं का, असं मी गाडीत म्हणालो आणि मुरुडपर्यंत तिची बोलणी खाल्ली. तिचं म्हणणं, अंग तापलं की थर्मामीटर लावतोच ना, मग मनानं काय घोडं मारलंय.

रोज संध्याकाळी ते ॲप आजचा दिवस कसा गेला विचारील. तू एक ते दहामधला नंबर दाबायचा. तो आश्लेषाच्या फोनवर जातो, ती मला सांगते. एवढं माझ्यासाठी कर. तू तिथे एकटी काय करत असशील या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

माया आहे तशी असू दे, जमलं तर पोफळीसारखी उंच वाढू दे.

तुझा,
यशोधन

बोर्ली पंचतन,
दि. २३ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. साठी उलटली तरी तुझ्या अक्षराला वळण नाही. माझ्या वर्गात असतास तर रोज शुद्धलेखनाची दोन पानं लिहून घेतली असती.

तुमचं ॲप सहाच्या ठोक्याला विचारतं. बत्तीस वर्षं मी पोरांचे नंबर काढले, आता म्हातारपणी माझी परीक्षा. पण देते हो, रोज देते आणि खरा देते. निकालात खाडाखोड मी कधी केली नाही, हेडमास्तरांच्या पुतण्यासाठीसुद्धा नाही.

त्यात श्वासाचाही धडा आहे. एक बाई म्हणे गोड आवाजात चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा असं सांगते. मला ती ऐकू येत नाही, पण पडद्यावर एक गोल फुगतो आणि आवळतो, त्याच्याकडे बघून करते. वाडीत कामाला येते ती नीराबाई परवा दारातून बघत उभी राहिली, आणि बाईंना धाप लागली असं समजून तांब्याभर पाणी घेऊन धावली. दोघी हसलो.

वाडीत मी हल्ली जात नाही. पंप नीराबाईच लावते. दुपारी आडवी होते ती दिवेलागणीलाच उठते. एकटीसाठी स्वयंपाकाचा घाट कशाला, भात असतोच. बाकी ठीक. माझ्यापायी तू उपाशी राहू नकोस.

आशीर्वाद आहेतच. तुझ्या लोभातला वाटा मलाही मिळत राहू दे.

तुझी,
कुमुदताई

अलिबाग,
दि. १० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तू कमाल केलीस. आश्लेषानं काल तक्ता काढून दाखवला. सुरुवातीला सहा-सात होतीस, आणि आता आठ, नऊ, नऊ. मी तसाच बाजारात गेलो आणि पेढे आणले. शेजारच्या बाबाजींनाही दिले. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हटलं, आमची ताई सावरली.

फक्त एक तारखेच्या रविवारी एकदम दोन आला होता. त्या दिवशी काय बिनसलं? सोमवारी पुन्हा नऊ दिसला म्हणून मी जिवाला लावून घेतलं नाही. नाताळात तुझ्याकडे यायचं घाटत होतं, ते आता पुढे ढकलतो. हिच्या गुडघ्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ मिळतेय, आणि तू आता छान आहेस.

अशीच आनंदात राहा, आम्हाला विसरू मात्र नकोस.

तुझा,
यशोधन

बोर्ली पंचतन,
दि. १७ डिसेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं थट्टा केलीस. मग वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला असेल. आज दुपारी डोक्यात प्रकाश पडला.

नववा नंबर आला म्हणून कोणाच्या घरी पेढे वाटतात रे? आमच्या शाळेत पहिला तो पहिला, आणि नवव्या-दहाव्याचा बाप प्रगतिपुस्तकावर सही करताना डोळे वटारायचा. मी तसेच देत आले. दिवस बरा गेला तर दुसरा, वाईट गेला तर नववा. ज्या रविवारची तू चौकशी केलीस, तो एकच बरा होता. नीराबाईच्या नातीचं बारसं होतं. साक्षी नाव ठेवलं. मी पाळणा म्हटला, चार बायकांत बसून घुगऱ्या खाल्ल्या. सोमवारी परत तेच.

रोज संध्याकाळी नऊ दाबायचे आणि वाटायचं, आता कळेल, उद्या कोणीतरी येईल. कोणी आलं नाही. मनाला समजावलं, ज्याचा त्याला संसार आहे. आणि मग तुझं पेढ्यांचं पत्र आलं.

यशोधन, मला बरं नाहीये. जेवावंसं वाटत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. जिवाचं काही वाईट करून घेणार नाही, घाबरू नकोस. पण दिवस सरता सरत नाही. हे लिहायची मला लाज वाटते, आयुष्यभर मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं. जमलं तर ये. नाही जमलं तर तसं कळव.

तुझी,
ताई

अलिबाग,
दि. २९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
आश्लेषाचा शि. सा. न. वि. वि.

आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितेय. चुका लाल शाईनं काढून परत पाठव.

आठवडाभर तुझ्याकडे राहून आम्ही काल घरी पोचलो. तुझं पत्र आलं त्या दुपारी बाबांनी भरलं ताट बाजूला सारलं आणि गाडीची चावी घेतली, ते तुला त्यांनी सांगितलं नसेल. बोटीवर एकच म्हणत होते, मला नऊच बघायचा होता, म्हणून तिनं आधीच्या पत्रात काय लिहिलंय ते मी वाचूनही वाचलं नाही. पण आत्या, खरी चूक माझी. दहा चांगला की एक, हे सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. ॲपवाल्यांना कळवलंय, दोन्ही टोकांना शब्द घाला म्हणून. हो म्हणालेत, कधी करतील देव जाणे.

तू वाडी सोडून अलिबागला येणार नाहीस, हे बाबांनी कुरकुरत का होईना मान्य केलंय. त्याच ॲपवरच्या समुपदेशक प्राप्ती मॅडम दर गुरुवारी अकराला तुझ्याशी लिहून बोलतील, म्हणजे ऐकू येण्याची भानगड नाही. ते फक्त तुमचं दोघींचं, माझ्याकडे काही येणार नाही. तुला दाखवून आणलं त्या डॉक्टरांनी दिलेली गोळी बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि रोज आकड्याखाली एक वाक्य लिही. नुसत्या आकड्यावर आता माझा विश्वास नाही.

खूप खूप माया, आणि थोडी भीतीही.

तुझी,
आश्लेषा

बोर्ली पंचतन,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. यशोधन यास,
अ. उ. आ. वि. वि.

आश्लेषाचं पत्र तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका, तरी पैकीच्या पैकी दिले. तिला सांग.

प्राप्तीबाई स्वतः थोडं लिहितात, विचारतात फार. पहिल्या गुरुवारी मी सवयीनं सर्व कुशल म्हणून मोकळी झाले. त्यांनी विचारलं, आणि अकुशल काय? मग दीड तास गेला. ह्यांच्या शेवटच्या सकाळी, पंप चालू राहिला म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. तोंड न बघता परक्या बाईला सांगणं सोपं गेलं. आपण बोललेलं फोन लिहून घेतो, ते आश्लेषानं शिकवलंय. मी ह्यांची आठवण म्हटलं की तो ह्यांची साठवण लिहितो. मी दुरुस्त करत नाही.

मला गृहपाठ आहे. रोज वाडीत एक फेरी, आणि कोणाशी तरी दोन शब्द. भाताबरोबर आता आमटीही होते. शिमग्याला या, पुरणपोळ्या करीन.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नकोस. मंगळवारी ह्यांचा वाढदिवस होता. सकाळपासून छातीवर धोंडा. ॲपला विचारायला संध्याकाळ व्हायची होती, आणि गुरुवार लांब. पूर्वीची मी दार लावून पडले असते. उठले, एरवी डबीत पडून असलेलं कानातलं यंत्र घातलं आणि वाडीत गेले. नीराबाई झावळ्या ओढत होती. मी तिला म्हटलं, "नीरा, आज मला एकटीला बसवत नाही. काम राहू दे, माझ्याजवळ बस." एवढं बोलायला मला दीड वर्ष लागलं रे.

तिनं हातातली झावळी टाकली, हात लुगड्याला पुसले, माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "बाई, मी कवाधरनं वाट बघतेय, तुम्ही कवा बोलवाल त्याची."

दुपारपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो. ती बोलत होती, मी थोडी रडले, मग मीही बोलले.

तुझा लोभ असाच असू दे. कमी पडला तर आता मागून घेईन.

तुझी,
कुमुदताई