किनाऱ्याचा मजकूर

बाबा, यंदा परतीचा पाऊस लांबला आहे. सोयाबीन कापायला आलंय आणि लोक रोज सकाळी आभाळाकडे बघून विळे परत ठेवून देतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा मी हल्ली काय करते ते आधी सांगायला हवं. मुंबईची एक कंपनी हवामानाचे अंदाज विकते. ते इंग्रजीत तयार होतात आणि मी त्यांचं मराठी करते, इथेच वर्ध्यात, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण घरात फक्त तिथेच नेट नीट येतं. या दिवसांत दर आठवड्याला शरदाच्या सुरुवातीचा अंदाज निघतो. त्याचे तीन भाग असतात: जमीन, विमानं आणि किनारी समुद्र. जमिनीचा भाग मला जवळपास पाठ आहे. दुपारनंतर ढग, विजांचा कडकडाट, कापलेलं पीक झाकून ठेवा. विमानांचा भाग कोरडा: ढग किती उंचीवर, पहाटेच्या धुक्यात किती लांबचं दिसेल. किनाऱ्याचा भाग मी सगळ्यात शेवटी घेते. वारा कुठून, लाट किती उंच, होड्या काढाव्यात की नाही. मी हे लिहीत असते आणि आई बाजूला कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही; पाहिलाय का, असं कंपनीत कोणी कधी विचारलं नव्हतं.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही मास्तर होतात त्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण होतं, आत वेधशाळेची पांढरी झडपांची पेटी, तिच्यात तापमापकं, आणि पाऊस मोजायचं भांडं. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, अशा दोन नोंदी. दिवाळीलाही, तुमचे वडील गेले त्या दिवशीही. आईच्या वडिलांच्या अंत्यविधीला आई एकटी गेली. मामाच्या लग्नात मी आणि आईच. कोणी विचारलं की तुम्ही एवढंच म्हणायचात, नोंद कोन घेईन? आणि समोरच्याला ते पटायचं, कारण नागपूरहून खरोखर फोन येत असे आणि तुम्ही सांगितलेले आकडे तिकडे कोणीतरी लिहून घेत असे.

मी नववीत होते. तुम्हाला ताप होता, म्हणून सकाळी मला पाठवलंत. धो धो पाऊस. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले, कुंपणापर्यंत गेलेच नाही, आणि वहीत अठरा मिलिमीटर लिहून घरी आले. संध्याकाळी तुम्ही अंगावर शाल घेऊन स्वतः गेलात, तर पावसाच्या भांड्यातल्या बाटलीत सकाळचं पाणी तसंच. मला अजून दिसतं, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, शालीचं टोक ओलं आहे.

"काऊन गेली नाई तू?"

"पाऊस होता."

"पाऊस होता म्हनूनच तर पाठवलं तुले."

तुम्ही नागपूरच्या कचेरीला पत्र लिहून चूक स्वतःच्या नावावर घेतलीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दप्तराशेजारी एक काळी, लांब दांड्याची पुरुषी छत्री ठेवलेली होती. ती माझ्या कमरेच्या वर येत असे.

बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी माझा नंबर लागला आणि त्याच उन्हाळ्यात तुमचं डावं अंग गेलं. तुमच्या नोंदी मी घेऊ लागले. तुम्ही गेलात, मग तिथे आपोआप नोंदणारं यंत्र बसलं, कुंपण निघालं, आता तिथे सायकली लावतात. पुण्याला जायचं वय निघून गेलं. लग्नाची दोन-तीन स्थळं आली, त्यांनाही मी आईचं कारण सांगितलं. लोक म्हणायचे, पोरगी घराला बांधलेली आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि त्या बांधण्याचं मूळ ती पांढरी पेटी आहे असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

यंदा भाद्रपदात मला एक फोन आला. रत्नागिरीकडच्या एका मच्छीमार सोसायटीतली बाई होती, कंपनीकडून माझा नंबर मिळवलेला. माझ्या अंदाजात 'समुद्र मध्यम ते खवळलेला' असं होतं. तिचा नवरा आणि दोन दीर पहाटे होडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. जाळी गेली, माणसं आली. ती भांडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. ती म्हणाली, "ताई, आमच्या माणसांनी 'मध्यम' वाचलं नि गेली. 'खवळलेला' हा शब्द तुम्ही त्याच्या मागून लिहिलात." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुम्ही बंदरावर आलायत का कधी?"

मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मूळ इंग्रजी काढून पाहिलं. इंग्रजीत शब्द ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मी ठेवले होते, चूक शोधून सापडली नसती. तरी मी मुंबईच्या साहेबांना सगळं कळवलं. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले की रत्नागिरीला छोटं ऑफिस उघडतोच आहोत, तुम्हीच जा, दोन वर्षं त्या लोकांमध्ये राहा, ते वाऱ्याला काय म्हणतात, लाटेला काय म्हणतात ते शिका आणि तिथून लिहा. पंधरा दिवसांत सांगा.

आईला सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग जाय नं. मी काय लहान हाओ? सेलूची मावशी येईन माह्याजवळ राहाले." मी म्हटलं, असं कसं जाता येईल, घरी कोणीतरी हवं, बाबा तरी कधी कुठे गेले? तेव्हा तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"तुह्या बाबाले कोनी बांधलं नोतं. शिपायाले सारं शिकवून ठेवलं होतं त्यायनं. सुट्टीची चिठ्ठी दर साली येत जाय. त्यायलेच जाचं नोतं."

मी विश्वास ठेवला नाही. तिने ट्रंकेची किल्ली दिली. तुमच्या फायलीत त्या चिठ्ठ्या वर्षावार लावलेल्या होत्या, रजा मंजूर, बदली निरीक्षक म्हणून शाळेच्या शिपायाचं नाव. मामाच्या लग्नाच्या महिन्याचीही होती. बाबा, मला तुमचा इतका राग आला की मी आठवडाभर तुमच्या फोटोला हार घातला नाही. आईने तो स्वतः घातला. मी विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, माणूस एका जागी सुखी आहे तर त्याला कशाला हलवायचं, आणि लग्नाकार्याला मी जात होतेच की. राग ओसरल्यावर मला काय वाटलं ते लिहायला जड जातं. लग्नाच्या मांडवात तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं आणि कुंपणाच्या आतल्या तुमच्या आकड्यांची नागपूरला वाट पाहिली जायची. मला हे समजून घ्यायला जराही कष्ट पडले नाहीत.

किनाऱ्याचा मजकूर मी आता बदलला आहे. धोका असेल तेव्हा 'होड्या काढू नयेत' हे पहिलं वाक्य असतं, बाकी सगळं त्याखाली. पाठवण्याआधी मी त्या बाईला फोन करून वाचून दाखवते. ती दोन शब्द बदलायला सांगते. परवा म्हणाली, या एकदा, माझ्याकडेच उतरा.

चौदाव्या दिवशी आई मावशीकडे भुलाबाईच्या गाण्यांना गेली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, एकटी एसटीने सेलूला. पोचल्यावर फोन आला की आज मुक्काम करते, तू जेवून घे. मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. मी फोन ठेवला आणि साहेबांना लिहिलं की आईची तब्येत बरी नसते, तिला एकटं सोडता येत नाही. त्यांचं लगेच उत्तर आलं, आईंना सांभाळा म्हणून. रत्नागिरीला दुसरं कोणीतरी जातंय.

हे तुम्हाला पाठवता येणार नाही म्हणूनच लिहिता आलं. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं, "काय झालं तुह्या रत्नागिरीचं?" मी म्हटलं, त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं. ती कंपनीवर फार चिडली, लोकायले कदर नाई म्हणाली, आणि माझं मन रमावं म्हणून प्रवासाची दमलेली असूनही बेसनाच्या पातोडीची भाजी करायला बसली. मी दोनदा वाढून घेतली.